मोसंबीची साल, गारगोटी आणि वाळा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे तापते नऊ दिवस, लागला की वावराला वास राहत नाही. उन्हाळवाही झालेल्या काळ्या जमिनीतलं ढेकूळ उचलून नाकाशी धरलं तर लागते ती गरम धूळ, आणि फार तर दगड तापल्यासारखा एक हलका चटका. मग जूनमध्ये पहिला शिडकावा होतो आणि तेच ढेकूळ अख्ख्या गावाला सांगत सुटतं. 'मातीचा वास' म्हणताना आपल्या मनात हा पावसाळी वास असतो. 'तेर द'एर्मेस' या परफ्यूमबद्दल बहुतेकांचा घोळ इथेच होतो. फ्रेंचमध्ये 'तेर' म्हणजे जमीन, माती. नाव ऐकून बाटली हुंगणारा पावसाची माती शोधतो, त्याला ती सापडत नाही, आणि 'हे तर संत्र्याचं काहीतरी दिसतंय' म्हणून तो बाटली परत ठेवून देतो. या बाटलीतली माती नवतप्यातली आहे, कोरडी ठणठणीत.

ओल्या मातीच्या वासाचं गणित बऱ्यापैकी उलगडलेलं आहे. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे सूक्ष्म जीव जिओस्मिन नावाचं एक द्रव्य बनवतात. पावसाचा थेंब सच्छिद्र मातीवर आपटला की आत अडकलेल्या हवेचे बारीक बुडबुडे वर फुटतात आणि ते द्रव्य हवेत उडवतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१५ साली हे अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपून दाखवलं. माणसाचं नाक जिओस्मिनला इतकं हळवं आहे की एक लाख कोटी भागांत पाचेक भाग असले तरी कळतं. तळ्यातल्या मासोळीला आणि बीटाला येणारा मातकटपणा तोच. आंबटाने जिओस्मिन मोडतं, म्हणून मासोळीच्या रश्श्यात चिंच घालणाऱ्या बाईला रसायनशास्त्र शिकवायची गरज नाही. या ओल्या वासासाठीचा 'पेट्रिकोर' हा शब्द १९६४ साली इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी घडवला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून कनौजचे अत्तरवाले मातीच्या भाजलेल्या चकत्या तांब्याच्या देगेत पाण्यासोबत उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवत होते. ओली माती बाटलीत भरायची ती रीत. आजही मिट्टी अत्तर म्हणून ते मिळतं, फक्त चंदन महाग झाल्यापासून बऱ्याच स्वस्त बाटल्यांत खाली दुसरंच बिनवासाचं तेल असतं.

कोरडी माती मात्र गाळून काढता येत नाही, ती रचावी लागते. एर्मेस हे १८३७ साली पॅरिसमध्ये घोड्यांचे साज, लगाम, खोगीर शिवणारं दुकान म्हणून सुरू झालेलं घर. त्यांचा घरचा अत्तरकार जाँ-क्लोद एलेना याने २००६ साली ही रचना केली. एलेनाची ख्याती थोडक्या मालात काम भागवणारा म्हणून. ज्या सुगंधाला दुसरा कोणी शंभर जिन्नस लावेल तिथे हा वीस-पंचवीसात थांबतो. वऱ्हाडी भाषेत सांगायचं तर तेल-मीठ-तिखटावर भाजी करून दाखवणारा. तेरमध्ये त्याने वर संत्र्या-ग्रेपफ्रूटची साल ठेवली, मध्ये काळी मिरी, जिरेनियम आणि चकमकीच्या दगडाचा भास, खाली वाळा, देवदारासारखं लाकूड, थोडी पाच (म्हणजे पॅचुली) आणि थोडा ऊद, धुपात टाकतात तो. पुरुषांच्या परफ्यूमात हमखास असते ती कस्तुरीसदृश गोडसर मऊ बैठक त्याने मुद्दाम टाळली. म्हणूनच हा वास अंगाला लाडात येत नाही, थोडा अंतर राखून उभा राहतो.

आता यातली संत्री. वरुड-मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातल्या माणसाला 'ऑरेंज' म्हटलं की अंबिया बहाराचा नागपुरी संत्रा आठवणार. भौगोलिक मानांकन मिळालेला, सैल सालीचा, नखाने सोलला की बोटभर फवारा उडणारा. पण नागपुरी संत्रा हा मँडरिन कुळातला. युरोपातल्या परफ्यूमात 'ऑरेंज' लिहिलेलं असतं ते गोड संत्र्याच्या जातीचं तेल, आणि त्या जातीत वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने बसते ती आपली मोसंबी. म्हणजे तेरच्या पहिल्या पाच मिनिटांची ओळख पटवायची असेल तर संत्र्याच्या बगीच्यात जाऊ नका, रसवंतीवाल्याकडे सोललेल्या मोसंबीच्या सालीचा ढीग पडलेला असतो, तिथे उभे राहा. साल डोळ्यांपुढे मुडपून दाबा. जो तुषार उडतो त्यात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनिन, म्हणजे लिंबूवर्गी वासाचं द्रव्य, असतं. संत्र्याच्या सालीतही तेच असतं. पण उरलेल्या काही टक्क्यांत दोघांची जात वेगळी होते. संत्र्याचा वास गोड, फुलांकडे झुकणारा, मोसंबीचा कडवट आणि सरळ. ग्रेपफ्रूट आपल्याकडे पिकत नाही म्हणावं इतकंच पिकतं, मात्र तो पपनस आणि गोड संत्रा यांचाच संकर, त्यामुळे पपनसाची जाड साल जवळची.

मग चकमक. नाल्यात पांढऱ्या गारगोट्या सापडतात, दोन घ्या, अंधारात एकमेकींवर जोरात घासा. क्षणभर उजेड चमकतो आणि लगेच एक जळका, कोरडा वास येतो. पूर्वी चिलमीसाठी चकमक, लोखंडाचा तुकडा आणि कापूस जवळ बाळगत, तेव्हा हा वास रोजचा होता. परफ्यूमात अर्थातच दगड घालता येत नाही. 'फ्लिंट' ही तिथे जुळणी असते: मिरीचा कोरडा तिखटपणा, जिरेनियमचा धातूसारखा हिरवा कडा आणि लाकडी द्रव्यं अशी बसवली की नाकाला दगड लागतो. जिरेनियमचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत याच्या लागवडीची बरीच हवा झाली. टनभर हिरव्या पाल्यातून साधारण किलोभर तेल निघतं, तेही गाळणी नीट झाली तर. 'हमखास खरेदी'च्या बोलीवर रोपं विकणाऱ्यांनी हा आकडा पहिल्या बैठकीत सांगितला पाहिजे. परफ्यूमात ते लागतं चिमूटभर.

या सगळ्याच्या खाली मोठा वाटा आहे तो आयसो ई सुपर नावाच्या द्रव्याचा. आयएफएफ या कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७३ च्या सुमारास ते तयार झालं. वास कसा? सुताराच्या दुकानात संध्याकाळी रंधा थांबल्यावर जो राहतो तसा: सुका, मखमली, धड लाकूड नाही आणि धड धूपही नाही. तेर वापरणाऱ्यांची जी सगळ्यात मोठी चूक होते ती याच्यामुळे. हे द्रव्य नाकाला फार पटकन सवयीचं होतं. लावणाऱ्याला वीस मिनिटांत वाटतं की वास उडाला, आणि शेजारी बसलेल्याला मात्र तो दारापासून येत असतो. मग लावणारा आणखी चार फवारे मारतो. मे महिन्यातल्या लग्नात मांडवाखाली पंगत बसलेली असताना असा एखादा पाहुणा वाढायला आला की वरणाचाही वास लाकडाचा होतो. वास गेला का हे स्वतःच्या नाकाने ठरवू नये. घरात कोणाला तरी विचारावं, नाहीतर अर्धा तास अंगणात जाऊन परत खोलीत यावं.

वाळ्याबद्दल मात्र विदर्भाला कोणी काही शिकवू नये. रांजणात टाकलेली जुडी, खिडकीला लावलेली ओली ताटी, हे सगळं आपलंच. (कूलरच्या ताट्यांना आपण सरसकट खस म्हणतो, पण बहुतेकांत असते ती लाकडाची कीस, आणि वास असतो पाण्यात टाकलेल्या हिरव्या अर्काचा.) खऱ्या वाळ्याच्या मुळीला ओली झाल्यावर थंड, गोडसर, जरा चिखली वास येतो. गाळलेल्या तेलात तो दाट होतो आणि जमिनीपरत्वे बदलतो. जगातलं बरंचसं वाळ्याचं तेल हैतीमधून येतं, ते स्वच्छ, सुकं, किंचित पपनसासारखं. जावाच्या तेलाला धुराची झाक असते. आपल्या उत्तरेकडच्या रानवाळ्याचं, तांब्याच्या देगेत गाळलेलं रूह खस तांब्यामुळेच हिरवट दिसतं आणि त्याचा वास सगळ्यात मातकट. मुळ्या बारा-पंधरा तास, कधी त्याहून जास्त वाफेवर ठेवाव्या लागतात, कारण जड, चांगला भाग सगळ्यात शेवटी उतरतो. सरपण वाचवायला भट्टी लवकर बंद केली की तेल हिरवं, कच्च्या बटाट्यासारखं वास मारणारं निघतं.

वाळ्याची मुळी सरळ खाली जाते, चांगल्या जमिनीत दहा-बारा फूट. म्हणूनच धुऱ्यावर (बांधावर), नाल्याच्या काठाला तो लावतात. पावसाचं पाणी वाहून जातं, माती राहते. तेलासाठी मात्र तीच मुळी उपटावी लागते. हैतीच्या उतारांवर मुळ्या खणल्या की माती पावसाबरोबर खाली जाते. 'जमीन' नाव दिलेल्या सुगंधाचा पाया असलेली वनस्पती जमीन धरून ठेवते, आणि सुगंध पाहिजे असेल तर तिला जमिनीतून काढावंच लागतं. या कोड्याला परफ्यूमवाल्यांकडे अजून तरी सोपं उत्तर नाही. काही जण धुऱ्याच्या कडेच्या ओळी सोडून आतल्या खणतात, खड्डे लगेच बुजवतात आणि त्याच हंगामात पुन्हा दांडे लावतात. करायची तर गोष्ट तेवढीच आहे, पण पावसाळा तोंडावर असताना मजूर मिळत नाहीत.

मूळ रचना अशी तीन पायांवर उभी आहे, साल, दगड आणि मुळी. पुढच्या आवृत्त्या म्हणजे दरवेळी यातला एकेक पाय लांब करून पाहणं. 'परफ्यूम'च्या जगात याला फ्लँकर म्हणतात. बहुतेक घरं फ्लँकर काढतात ती जुन्या नावावर नवा माल खपवायला, आणि त्यांतले अर्धे तरी विसरण्यालायक असतात. तेरच्या बाबतीत ते तितकं खरं नाही, कारण मूळ सांगाडा इतका कमी हाडांचा आहे की एक हाड बदललं तरी चाल बदलते.

पहिली २००९ ची, नुसती 'पार्फँ'. इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. ओ द त्वालेत, ओ द पार्फँ, पार्फँ ही नावं अर्काचं प्रमाण चढतं दाखवतात, ढोबळमानाने दहाएक टक्क्यांपासून वीस-पंचवीसपर्यंत. पण ते आकडे कुठल्या कायद्याने बांधलेले नाहीत. आणि पार्फँ म्हणजे त्याच रसाचा आटवलेला काढा, असंही नाही. एलेनाने इथे सालीचा आंबट तोरा उतरवला, दगड मऊ केला आणि लाकूड-ऊद पुढे आणले. गुरुवारी निखाऱ्यावर टाकतात त्या उदाची आठवण या आवृत्तीत जास्त येते. पोष-माघात, पहाटे तुरीच्या वावरात दव पडलेलं असताना ही बरोबर बसते. उन्हाळ्यात तिच्या वाटेला जाऊ नये, चाळीस अंशांत ती चिकट होते.

२०१४ ची 'ओ त्रे फ्रेश' याच्या उलट. साल पाण्यात टाकलेली, दगड जवळजवळ धुऊन निघालेला. मला ही सगळ्यात कमी रंजक वाटते, पण मे महिन्यात दुपारी बारा वाजता अंगावर सहन होणारी हीच. टिकते दोन-तीन तास. एलेना त्याआधी २००८ साली केरळच्या पावसावर 'पावसाळ्यानंतरची बाग' अशा नावाचं एक परफ्यूम करून गेला होता, वेलची-आलं-वाळा घातलेलं. हिंदुस्थानचा पाऊस त्याने बाटलीत भरला तो तिथला. काळ्या कापसाच्या जमिनीवरचा मृग कोणा फ्रेंच अत्तरकाराने हुंगल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

एलेनानंतर २०१६ पासून घरचं काम क्रिस्तीन नाजेल या स्विस बाईंच्या हाती गेलं. त्यांनी २०१८ मध्ये 'ओ अँतांस व्हेतिव्हेर' काढलं. नावाप्रमाणे वाळा. वर संत्र्याऐवजी बर्गमोट हे लिंबूवर्गातलं फळ, मिरीच्या जागी चीनची सिचुआन मिरी, आणि मुळीचा भाग दुप्पट जाणवेल असा. अनेकांना ही मूळपेक्षा चांगली वाटते. माझं मत जरा वेगळं. यातला वाळा अगदी धुतलेला, कोरड्या मुळीचा आहे, रांजणातला नाही. पण विदर्भाच्या नाकाला फ्लँकरांतला ओळखीचा धागा हाच, आणि दमट हवेत, आषाढ-श्रावणात, तो सगळ्यात खुलतो. २०२२ ची 'ओ जिव्ह्रे' म्हणजे गोठलेलं पाणी. लिंबूवर्गाची थंड झणझण, जुनिपरची बोरं आणि नेपाळकडची तिमूर मिरी. तिमूर म्हणजे कोकणात माशांच्या कालवणात पडणाऱ्या तिरफळाची बहीण, एकाच कुळातली. जिभेला मुंग्या आणणारी आणि वासाला पपनसासारखी. ही आवृत्ती पहिल्या दहा मिनिटांत चमकते आणि नंतर कोणत्याही चांगल्या ताज्या परफ्यूमसारखी होऊन जाते. कूलरसमोर बसून लावायला ठीक.

विकत घेताना. शंभर मिलीच्या बाटलीला साधारण क्विंटलभर कापसाचे पैसे लागतात, कधी जास्तच, तेव्हा आधी पाच मिलीची कुपी घ्यावी. एका फवाऱ्यात अंदाजे ०.१ मिली जातं, म्हणजे पाच मिलीत पन्नासेक फवारे. रोजचे दोन धरले तर तीन आठवड्यांहून जास्त चालतं. एवढ्यात आवडतं की नाही ते कळून चुकतं. आठवडी बाजारात 'फर्स्ट कॉपी' म्हणून मिळतं ते पहिल्या क्षणी खूप जवळचं वाटतं, कारण सालीचा वास स्वस्त असतो. अर्ध्या तासाने खाली वाळ्याच्या जागी नुसती गोड साबणी कस्तुरी उरते. तिथे खोटं पकडता येतं. दुकानात कागदी पट्टीवर हुंगत असाल तर एका वेळी तीनच्या वर जाऊ नका, आणि मध्ये कॉफीच्या बिया हुंगायचा प्रकार निरुपयोगी आहे, साध्या हवेने तेवढाच फरक पडतो. वीस मिनिटं थांबा. तेरचा निर्णय पहिल्या पाच मिनिटांत करणारा नेहमी सालीचा निर्णय करतो.

लावायची रीत हवेवर ठरते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवेतला ओलावा दुपारी वीस टक्क्यांखाली जातो, कातडी कोरडी पडते आणि वरचा भाग लावता लावता उडतो. आंघोळीनंतर कातडी जरा ओलसर असतानाच, मनगटावर आणि गळ्याशी व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवून त्यावर एकेक फवारा मारावा. खोबरेल किंवा जवसाचं तेल नको; त्यांचा स्वतःचा वास मध्ये येतो. मनगटं एकमेकांवर घासू नयेत असं सांगतात, त्याचं कारण 'रेणू मोडतात' असं देतात, ते खोटं. घासल्याने उष्णता होते आणि साल लवकर उडते, इतकंच. पावसाळ्यात उलट, एकच फवारा पुरतो. दमट हवेत वास खाली बसून राहतो.

आणि साठवण. पत्र्याच्या घरात लोखंडी कपाटाचा वरचा खण म्हणजे परफ्यूमची भट्टी. बाहेर ४५ अंश असताना तिथे पार्फँसारखं लाकडी काही तग धरतं, पण सालीचा भाग हवेशी आणि उष्णतेशी मिळून बिघडतो. लिमोनिन प्राणवायू घेतं आणि वास टर्पेंटाइनकडे, जुन्या तेलाकडे जातो, रस जरा गडद होतो. अशी बाटली वाया गेली असं समजू नका, तिची पहिली दहा मिनिटंच बिघडलेली असतात, खालचा वाळा शाबूत असतो. मात्र बिघडलेलं लिमोनिन कातडीला खाजही आणू शकतं, म्हणून ती गळ्यावर लावू नये, कपड्यावर मारावी. नवी बाटली मातीच्या भिंतीच्या आतल्या खोलीत, खालच्या खणात, तिच्या खोक्यातच ठेवावी. फ्रीजच्या दारात ठेवली तरी चालते, फक्त रोज आत-बाहेर करू नये. तळाशी उरलेलं दहा-पंधरा मिली असेल तर ते छोट्या कुपीत काढून तोंडापर्यंत भरावं, मोकळी हवा जितकी कमी तितकं बरं.

कपड्यावर मारायची तर सुती दुपट्टा सगळ्यात चांगला. पांढऱ्याऐवजी रंगीत, कारण पार्फँचा पिवळसर डाग पांढऱ्यावर राहतो. दुपट्ट्याच्या टोकाला सकाळी एक फवारा मारला तर संध्याकाळपर्यंत साल गेलेली असते, दगड पुसट झालेला असतो. दुसऱ्या दिवशी तोच दुपट्टा डोक्याला गुंडाळला की कानाजवळ फक्त सुकं लाकूड आणि मुळी असते, घामाबरोबर मिसळून थोडी खारट, आणि साबणाच्या एका धुण्यात ती निघत नाही.